जुन्या मारुतीला टर्बो बसवताय? आधी कॉम्प्रेशनचा हिशेब करा

मारुती ८०० कंपनीने २०१४ मध्ये बंद केली, पण तालुक्याच्या गावांत ती अजून रस्त्यावर आहे. गाडी स्वस्तात मिळते, पार्टही मिळतात. त्यामुळे तरुण पोरं तिच्यावर प्रयोग करतात. भंगारातला टर्बो बसवणं हा त्यातलाच एक. "टर्बो लावायचा तर कॉम्प्रेशन उतरवा, जाड गॅस्केट टाका," असा सल्ला सर्रास मिळतो. हा सल्ला निम्माच बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यात इंजिन जातं.

ट्रॅक्टरला चालतं, मग पेट्रोलला का नाही?

पिस्टन खाली असताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा असते आणि पिस्टन वर आल्यावर जेवढी उरते, त्याचं प्रमाण म्हणजे कॉम्प्रेशन रेशो. डिझेल इंजिनात नुसती हवा दाबली जाते, डिझेल शेवटी फवारतं. त्यामुळे हवा कितीही तापली तरी आधी पेटायला काही नसतं. जुन्या पेट्रोल गाडीत मात्र हवेबरोबर पेट्रोलही दाबलं जातं. ते जास्त तापलं की प्लगच्या ठिणगीने सुरू झालेली आग पोहोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण भडकतं. चढावर टकटक आवाज येतो तो हाच, त्याला नॉकिंग म्हणतात. ते थांबलं नाही तर रिंगा तुटतात, पिस्टनला भोक पडतं.

हिशेब असा

मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडरचं. बोअर ६८.५ मिलिमीटर, स्ट्रोक ७२. म्हणजे एका सिलिंडरला २६५ सीसी. सोपं जावं म्हणून रेशो ९ धरू. मग पिस्टनवर उरणारी जागा ३३ सीसी येते. रेशो ८ करायचा तर ती जवळपास ३८ सीसी हवी. ही पावणेपाच सीसी नुसत्या गॅस्केटने वाढवायची म्हटलं तर गॅस्केट सुमारे १.३ मिलिमीटर जादा जाड लागते.

आता उष्णता बघा. उन्हाळ्यात ४० अंशाची हवा रेशो ९ ला दाबली की ढोबळमानाने ४०० अंशाला जाते. टर्बोने अर्धा बार दाब दिला तर तीच हवा इंजिनात शिरतानाच १०० अंशाच्या आसपास असते आणि दाबल्यावर ५३० होते. रेशो ८ केला तर ५०० वर येते, म्हणजे फक्त ३० अंशांचा फरक. पण मध्ये इंटरकूलर बसवून हवा ६० अंशांवर आणली तर रेशो ९ ठेवूनही तापमान ४४५ च्या आसपास राहतं. म्हणजे गॅस्केटपेक्षा इंटरकूलरचा फायदा जास्त. शिवाय रेशो एकने उतरवला की मायलेज तीन-चार टक्के जातं आणि टर्बो जोर धरेपर्यंत गाडी मंद वाटते.

जुगाड कुठे फसतो

दोन गॅस्केट एकावर एक टाकल्या की पाणी आणि कॉम्प्रेशन दोन्ही गळायची भीती. हेड वर उचललं गेल्याने टायमिंगही थोडं सरकतं. बऱ्याच इंजिनांत पिस्टनची कड हेडच्या अगदी जवळ येऊन मिश्रण घुसळते, त्यामुळे ते लवकर जळतं. जाड गॅस्केटने ही फट वाढते आणि नॉकिंग उलट बळावू शकतं. लेथवर पिस्टनचा माथा खरवडला तर तो पातळ होतो. योग्य मार्ग म्हणजे खोलगट माथ्याचे पिस्टन.

आणखी एक गोष्ट. गाडी कधी गरम होऊन हेड फेसिंग झालं असेल तर तिचं कॉम्प्रेशन आधीच वाढलेलं असतं. म्हणून हेड उतरवल्यावर त्याची खोलगट जागा सिरिंजने तेल सोडून मोजावी. पुस्तकातल्या आकड्यावर विसंबू नये.

इथेनॉलचं काय?

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. उसापासून, मक्यापासून बनणाऱ्या या इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतं आणि नॉकिंगला आळा बसतो, हे खरं. पण जुन्या कार्बोरेटरला जेट तेच राहिलं तर मिश्रण पातळ पडतं. टर्बोवर पातळ मिश्रण म्हणजे पिस्टन जळायला निमंत्रण. जुने रबरी पाइपही तपासावे लागतात.

नव्या गाड्यांना कसं जमतं?

मारुतीच्या १ लिटर बूस्टरजेट टर्बो इंजिनाचा रेशो १० आहे. त्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतं आणि आतली हवा थंड करतं. नॉकिंग सुरू झालं की सेन्सर ओळखतो आणि कॉम्प्युटर ठिणगी उशिरा देतो. जुन्या गाडीत यातलं काही नाही.

कायदा विसरू नका

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरील मूळ माहितीशी न जुळणारा बदल करता येत नाही. बेकायदा बदलाला प्रत्येकी ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनीही हात वर करू शकते. म्हणून पैसे घालण्याआधी आरटीओत विचारावं. रस्त्यावर चालवायची गाडी असेल तर टर्बोच्या पैशात इंजिन नीट बांधून घेतलेलं केव्हाही परवडतं.