वाढणारी झडप

सहा वर्षांच्या मुलाच्या हृदयात बसवलेला व्हॉल्व्ह तो सोळा वर्षांचा झाला तरी तेवढाच राहतो. चपला अपुऱ्या पडतात, गणवेश आखूड होतो, तशी ही झडपही पुरेनाशी होते. ती बदलायची तर सहसा छाती पुन्हा उघडावी लागते. मेकॅनिकल व्हॉल्व्ह टिकाऊ खरा, पण त्यावर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. गाय-डुकराच्या ऊतीपासून केलेल्या व्हॉल्व्हवर कालांतराने कॅल्शियम साचतं, आणि लहान मुलांत तर फारच लवकर. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या चमूने घडवलेला चित्रा व्हॉल्व्ह डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवला गेला. परवडणारी भारतीय झडप मिळाली, ही फार मोठी गोष्ट. वाढीचं कोडं मात्र तिथेही सुटणारं नव्हतं.

त्यासाठी झडप जिवंत हवी.

निसर्गाने केलेलं महाधमनीच्या झडपेचं पान एक मिलिमीटरहून पातळ असतं आणि दिवसातून सुमारे एक लाख वेळा उघडतं-मिटतं. त्यात तीन थर असतात: एका बाजूला ताण पेलणारं कोलॅजन, दुसऱ्या बाजूला पानाला पूर्ववत आणणारं लवचीक इलॅस्टिन, आणि या दोघांना एकमेकांवरून सरकू देणारा मधला पाणीदार थर. आत राहणाऱ्या पेशी झिजलेलं सतत दुरुस्त करतात.

हे प्रयोगशाळेत घडवण्याची कल्पना गवंडीकामासारखी आहे. आधी परांची बांधायची, म्हणजे शरीरात विरघळणाऱ्या पदार्थाचा सच्छिद्र सांगाडा करायचा. त्यावर पेशी पेरायच्या. पेशी स्वतःचं कोलॅजन विणतील आणि परांची हळूहळू विरून जाईल. १९९५ मध्ये बोस्टनमधल्या शिनोका आणि सहकाऱ्यांनी मेंढीच्या रक्तवाहिनीतल्या पेशी पॉलिग्लायकोलिक आम्लाच्या जाळीवर वाढवून झडपेचं एक पान तयार केलं आणि ते कोकरात बसवलं. शस्त्रक्रियेतले काही विरघळणारे टाके याच आम्लाचे असतात. २००० मध्ये होर्स्ट्रप यांच्या गटाची तीन पानांची पूर्ण झडप कोकरांमध्ये २० आठवडे चालली.

पण विटा गवंड्याने ठेवल्या तिथेच राहतात. पेशी तशा राहत नाहीत. त्या बसल्या जागेला चाचपतात, तिला धरून ओढतात, आणि ती किती दाद देते यावरून आपलं वागणं ठरवतात. प्रयोगशाळेच्या कडक प्लॅस्टिकवर झडपेतल्या पेशी जणू जखम भरायची आहे अशा कामाला लागतात: स्नायूसारखे आकुंचन पावणारे तंतू तयार करतात आणि भोवतालचं सगळं खेचू लागतात. कोलोराडो विद्यापीठात क्रिस्टी अॅन्सेथ यांच्या गटाने प्रकाश टाकला की मऊ होणारं जेल बनवलं. ते मऊ झाल्यावर अशा खवळलेल्या पेशींपैकी बऱ्याच पुन्हा शांत झाल्या. पेशी त्याच, बदलला तो फक्त पायाखालचा कडकपणा!

शांत न होणाऱ्या पेशींनीच या क्षेत्राला सर्वाधिक छळलं आहे. मेंढ्यांमध्ये बसवलेल्या अनेक झडपा सुरुवातीला उत्तम मिटत. मग पेशींच्या ओढीने पानं आखडत, मध्ये फट पडे आणि रक्त उलटं गळू लागे.

दुसरा मार्ग तयार झडपेतल्या पेशी धुऊन काढून नुसती चौकट वापरण्याचा. इथे घाई फार महागात पडली. डुकराच्या अशा झडपा चार मुलांना बसवल्याचा वृत्तांत २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतली तीन मुलं दगावली. चौकटीत रुग्णाच्या पेशी येऊन वस्ती करतील ही अपेक्षा होती. आली ती तीव्र दाहाची प्रतिक्रिया. प्राण्यांच्या पेशींचे अवशेष पुरते गेलेच नव्हते. याउलट मोल्दोव्हात २००२ मध्ये, हानोव्हरच्या तज्ज्ञांसह, दोन मुलांना मानवी दात्याच्या धुतलेल्या झडपा त्यांच्याच रक्तातून मिळवलेल्या पेशी पेरून बसवल्या गेल्या. साडेतीन वर्षांनी एका झडपेच्या कड्याचा व्यास १८ वरून २२.५ मिलिमीटर झाला होता, दुसरीचा २२ वरून २६. मुलांबरोबर झडपा मोठ्या झाल्या होत्या.

पानं आखडण्यावरचा उपाय आकारातून निघाला. २०१८ मध्ये झुरिच आणि आइंडहोव्हनच्या संशोधकांनी पेशी कुठे, किती ओढतील याचं गणित संगणकावर मांडलं आणि पानांना आधीच असा बाक दिला की रक्ताचा दाब त्या ओढीला उत्तर देईल. वर्षभरानंतर मेंढ्यांमधल्या ११ पैकी ९ झडपा नीट काम करत होत्या. मिनेसोटात ट्रँक्विलो यांच्या गटाने पेशींकडून नळ्या विणून घेतल्या, मग त्या पेशीच धुऊन टाकल्या आणि तीन नळ्या एकत्र शिवून झडप केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ती वाढत्या कोकरांत ५२ आठवडे चालली.

मेंढीची ऊती मात्र माणसाच्या ऊतीपेक्षा झपाट्याने भरून येते. संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्या किशोरवयीन मुलीच्या पेशी कोकराच्या चपळाईने काम करतील, असं गृहीत धरता येत नाही. परांची लवकर विरली तर पान फाटेल, उशिरा विरली तर दाह रेंगाळेल. तो वेग एकेका रुग्णाप्रमाणे जुळवायचं काम अजून चालू आहे.