कमी खर्चातील कॉम्बो डेक : ‘मॅजिक’च्या तीन दशकांचा मागोवा

रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने ऑगस्ट १९९३ मध्ये बाजारात आणला. संग्रहित कार्डांवर खेळल्या जाणाऱ्या आजच्या बहुतेक खेळांची वाट या खेळाने घालून दिली. खेळाडू स्वतः निवडलेल्या किमान ६० कार्डांचा डेक घेऊन बसतो. लँड या प्रकारच्या कार्डांतून मॅना नावाचे बळ मिळते आणि ते खर्चून बाकीची कार्डे खेळता येतात. प्रत्येक खेळाडूकडे सुरुवातीला २० लाइफ असतात. ते शून्यावर आले की तो हरतो. लाइफ थोडे थोडे कमी करत जिंकणे हा नेहमीचा मार्ग आहे. कॉम्बो डेकची रीत वेगळी असते. एकेकटी फारशी कामाची नसलेली दोन-तीन कार्डे एकत्र आली की तो डेक एकाच फेरीत डाव संपवतो.

कार्डाची किंमत मुख्यतः त्याच्या दुर्मिळतेवर आणि मागणीवर ठरते. सुरुवातीच्या काळातील साधारण बूस्टर पॅकमध्ये १५ कार्डे असत : एक रेअर, तीन अनकॉमन आणि उरलेली कॉमन. ऑक्टोबर २००८ पासून रेअरच्याही वर मिथिक रेअर ही पायरी आली. त्यामुळे कॉमन कार्डे खेळाडूंकडे ढिगाने साठतात आणि काही रेअर कार्डांची किंमत आवाक्याबाहेर जाते. कॉम्बोचे सामर्थ्य मात्र कार्डांच्या आपसांतील मेळातून येते. दोन स्वस्त कार्डांचा मेळ दोन महाग कार्डांइतकाच घातक ठरू शकतो. कमी खर्चातील कॉम्बो डेकचा इतिहास या शक्यतेतून घडला.

पहिली वर्षे : यंत्र स्वस्त, वेग महाग

खेळातील पहिली गाजलेली जोडी चॅनल आणि फायरबॉल यांची. चॅनल खेळल्यावर त्या फेरीपुरते एका लाइफच्या बदल्यात एक मॅना घेता येतो. फायरबॉलमध्ये जितका मॅना ओतावा तितके नुकसान होते. स्वतःचे १९ लाइफ मोजून १९ मॅना घ्यायचा, त्यात आणखी एक मॅना घालायचा आणि समोरच्याचे सगळे २० लाइफ एका फटक्यात संपवायचे. मूळ संचात चॅनल अनकॉमन होते आणि फायरबॉल कॉमन, म्हणजे दोन्ही सामान्य खेळाडूच्या हाती लागण्याजोगी. साध्या लँडवर हा डाव जमायला चौथी फेरी उजाडे. हातात एक माउंटन आणि ब्लॅक लोटस हे रेअर कार्ड असले, तर तोच डाव पहिल्याच फेरीत संपे. कॉम्बोचे यंत्र स्वस्त होते. महाग होता तो वेग.

ही विभागणी पुढे कायम राहिली. डेकचे पैसे सहसा मुख्य जोडीत जात नाहीत. दोन रंगांचा मॅना एकाच कार्डातून देणारे लँड, फुकट किंवा जादा मॅना देणारी कार्डे आणि हवे ते कार्ड डेकमधून शोधून आणणारी कार्डे यांत ते जातात. कंपनीच्या एका निर्णयाने ही दरी कायमची झाली. १९९५ च्या ‘क्रॉनिकल्स’ संचात जुनी कार्डे पुन्हा छापल्यावर संग्राहक नाराज झाले. तेव्हा १९९६ मध्ये कंपनीने रिझर्व्ह्ड लिस्ट जाहीर केली आणि तीतील कार्डे पुन्हा न छापण्याचे वचन दिले. ब्लॅक लोटस, सुरुवातीचे दुरंगी लँड आणि १९९६ च्याच ‘मिराज’ संचातील लायन्स आय डायमंड ही वेग देणारी कार्डे या यादीत आहेत. त्यांचा पुरवठा वाढण्याची शक्यता उरली नाही.

एप्रिल १९९७ मध्ये पॅरिसच्या प्रो टूर या व्यावसायिक स्पर्धेत माइक लाँग यांनी ‘प्रॉस्पेरस ब्लूम’ हा डेक खेळून विजेतेपद मिळवले. आपलेच लँड मोडून मॅना घ्यायचा, कॅडॅव्हरस ब्लूमच्या आधारे हातातील कार्डांचा मॅना करायचा, प्रॉस्पेरिटीने नवी कार्डे ओढायची आणि शेवटी ड्रेन लाइफने समोरच्याला संपवायचे, असा त्याचा क्रम होता. शुद्ध कॉम्बो डेक सर्वोच्च पातळीवर जिंकू शकतो, हे या स्पर्धेने दाखवले. ऑक्टोबर १९९८ मध्ये आलेल्या ‘अर्झाज सागा’नंतर दोन-तीन फेऱ्यांत डाव संपवणारे डेक इतके बोकाळले की १९९८-९९ चा तो काळ खेळाडूंच्या बोलण्यात ‘कॉम्बो विंटर’ म्हणून राहिला. टोलेरियन अ‍ॅकॅडमीसह अनेक कार्डांवर बंदी आली. मेमरी जार या कार्डावर तर मार्च १९९९ मध्ये तातडीने बंदी घालावी लागली. कॉम्बो डेकवर पैसे घालणाऱ्याला बंदीची टांगती तलवार तेव्हापासून कायमची सोबत आहे.

स्टॉर्म : कॉमन कार्डांना आलेला भाव

२००३ च्या ‘स्कर्ज’ संचाने स्टॉर्म हा गुणधर्म आणला. त्या फेरीत आधी जितके स्पेल (लँडखेरीज कार्डे) खेळले गेले असतील तितक्या जादा प्रती स्टॉर्मच्या कार्डाला मिळतात. टेंड्रिल्स ऑफ अ‍ॅगनी दोन लाइफ हिरावते. त्याआधी नऊ स्पेल झाले असतील, तर दहा प्रती मिळून वीस लाइफ जातात. या गुणधर्मामुळे स्वस्त स्पेलची संख्या हेच सामर्थ्य झाले. राइट ऑफ फ्लेम एक मॅना घेऊन दोन देते, डेस्परेट रिच्युअल दोन घेऊन तीन आणि सीदिंग साँग तीन घेऊन पाच. ही सगळी कॉमन कार्डे आहेत. २००६ च्या ‘टाइम स्पायरल’ संचात दर प्रतीमागे एक नुकसान करणारे ग्रेपशॉट आणि दर प्रतीमागे दोन गॉब्लिन आणणारे एम्प्टी द वॉरन्स आले. तीही कॉमनच होती. आता कॉम्बो डेकचे इंधन आणि शेवटचा घाव हे दोन्ही नगण्य किमतीत मिळू लागले.

लेगसी या जुन्या कार्डांच्या प्रकारात खर्च वाचवण्याचा आणखी टोकाचा मार्ग सापडला. ग्रेव्हयार्ड, म्हणजे वापरून झालेल्या कार्डांची जागा, हाच हात मानून खेळणारा ‘ड्रेज’ डेक २००५ च्या ‘रॅव्हनिका’ संचातून उभा राहिला होता. त्याच्या ‘मॅनालेस ड्रेज’ या रूपात एकही लँड नसतो. खेळाडू मुद्दाम दुसरा खेळतो, आठवे कार्ड ओढतो आणि हातात सातच ठेवता येत असल्याने फेरीअखेर एक ग्रेव्हयार्डमध्ये टाकतो. तिथून पुढे जवळजवळ सगळे फुकट घडते. दुरंगी लँड हा लेगसीतील सर्वांत जड खर्च या डेकने मुळातच काढून टाकला. त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. लेलाइन ऑफ द व्हॉइडसारखे ग्रेव्हयार्ड बंद पाडणारे एक कार्ड समोर आले की हा डेक जागच्या जागी अडकतो.

पॉपर : दुर्मिळतेचा नियम

केवळ कॉमन कार्डांनी खेळण्याचा ‘पॉपर’ हा प्रकार ‘मॅजिक ऑनलाइन’ या संगणकीय आवृत्तीवर रुजला आणि डिसेंबर २००८ मध्ये तिथे अधिकृत झाला. लँडही कॉमनच असल्याने श्रीमंत आणि साध्या खेळाडूंमधील फरक इथे बराच पुसला गेला. मात्र कॉमन कार्डांचे कॉम्बो मवाळ असतील, ही अपेक्षा लवकरच खोटी ठरली. जानेवारी २०१३ च्या घोषणेत पॉपरमधून ग्रेपशॉट, एम्प्टी द वॉरन्स आणि इन्व्हिगोरेट या तिन्हींवर बंदी आली. मॉडर्न या दुसऱ्या प्रकारात सीदिंग साँगवर बंदी आली ती याच घोषणेत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टेम्पोरल फिशर आणि क्लाउडपोस्ट ही कार्डेही गेली.

पुढची लाट घोस्टली फ्लिकरची होती. तीन मॅनाचे हे कार्ड आपली दोन कार्डे क्षणभर मैदानाबाहेर नेऊन परत आणते. त्यातील एक म्नेमॉनिक वॉल असेल, तर ते परत येताना घोस्टली फ्लिकरच पुन्हा हातात देते. दुसरे कार्ड लँड पुन्हा वापरण्याजोगे करणारे असले की साखळी पुरी होते. क्लाउड ऑफ फेअरीज दोन लँड मोकळे करी. एकच लँड दोन मॅना देत असेल आणि स्पेल स्वस्त करणारे साहाय्यक सोबत असतील, तर तेवढे पुरत असे. जानेवारी २०१६ मध्ये त्यावर बंदी आली. त्याच वर्षी जूनमध्ये ‘इटर्नल मास्टर्स’ संचात पेरेग्रिन ड्रेक हे कार्ड कॉमन म्हणून छापले गेले. ते पाच लँड मोकळे करते. तीन मॅना घालून पाच मिळू लागल्यावर दर फेऱ्याला दोन मॅना शिल्लक राही आणि साखळीला अंत नसे. नोव्हेंबरमध्ये तेही बंद झाले.

जून २०१९ मध्ये कंपनीने कागदी आणि ऑनलाइन पॉपरचे नियम एक केले. कुठल्याही अधिकृत संचात एकदा कॉमन म्हणून आलेले कार्ड आता दोन्हीकडे चालू लागले. त्याच वेळी हाय टाइड हे १९९४ च्या ‘फॉलन एम्पायर्स’ संचातील कॉमन बंदीच्या यादीत गेले. जून २०२१ च्या ‘मॉडर्न होरायझन्स २’ मध्ये स्टॉर्मची दोन नवी कॉमन कार्डे आली. खारींची फौज उभी करणारे चॅटरस्टॉर्म सप्टेंबर २०२१ मध्ये आणि गॅल्व्हॅनिक रिले मार्च २०२२ मध्ये बंद झाले. जानेवारी २०२२ मध्ये पॉपरची देखरेख करणारी सात जणांची समिती नेमली गेली आणि बंदीचे निर्णय अधिक नियमित झाले.

जुन्या आणि नव्या कॉमन कार्डांची गाठ किती अनपेक्षित असते, हे २०२४ मध्ये दिसले. ‘मॉडर्न होरायझन्स ३’ मधील बास्किंग ब्रूडस्केलवर +१/+१ चे चिन्ह पडले की ते एक छोटा जीव देते आणि त्या जीवाचा बळी देऊन एक मॅना मिळतो. १९९७ च्या ‘टेम्पेस्ट’ संचातील सॅडिस्टिक ग्ली हे कार्ड कुठलाही जीव मेला की ज्यावर ते लावले आहे त्याला +१/+१ चे चिन्ह देते. दोन्ही एकत्र आली की बळी, चिन्ह, नवा जीव आणि मॅना हे चक्र हवे तितके फिरते. सत्तावीस वर्षे फारशी कुणी न विचारलेल्या कॉमन कार्डाला अचानक मोल आले. मार्च २०२५ मध्ये ब्रूडस्केलवर बंदी आली आणि त्याच घोषणेत हाय टाइड चाचणीसाठी मोकळे करण्यात आले.

मॉडर्न आणि कमांडर : पुनर्मुद्रणाचा आधार

२०११ मध्ये सुरू झालेल्या मॉडर्न प्रकारात रिझर्व्ह्ड लिस्टमधील कार्डे चालतच नाहीत. त्यामुळे तिथले प्रत्येक कार्ड कधी ना कधी पुन्हा छापले जाऊ शकते. त्या वर्षीच्या फिलाडेल्फिया प्रो टूरमध्ये सॅम्युएले एस्त्राती यांनी स्प्लिंटर ट्विनच्या डेकने विजेतेपद मिळवले. हे कार्ड डिसीव्हर एक्झार्क या अनकॉमन किंवा पेस्टरमाइट या कॉमन कार्डावर लावले की त्यांच्या अमर्याद प्रती तयार होतात. इथेही जोडीपेक्षा लँडचा भार जड होता. निळ्या आणि लाल रंगाच्या डेकला स्कॅल्डिंग टार्न लागे आणि खर्चाचा मोठा वाटा त्यातच जाई. हे लँड २०१७ च्या ‘मॉडर्न मास्टर्स’ मध्ये आणि पुन्हा ‘मॉडर्न होरायझन्स २’ मध्ये छापले गेले. तोवर कमी पैशांत डेक बांधणारे शिवन रीफसारखी तुलनेने स्वस्त लँड वापरत आणि त्यापायी जाणारे लाइफ सोसत. स्प्लिंटर ट्विनवर जानेवारी २०१६ मध्ये बंदी आली. ती २०२४ च्या डिसेंबरमध्ये उठली.

कमांडर हा १०० कार्डांचा प्रकार असून साधे लँड वगळता प्रत्येक कार्डाची एकच प्रत चालते. २०११ पासून कंपनी त्याचे तयार डेक विकते आणि त्यांत सोल रिंग हे दोन मॅना देणारे कार्ड मिळते. आयसोक्रॉन सेप्टर हे अनकॉमन आणि ड्रॅमॅटिक रिव्हर्सल हे २०१६ चे कॉमन यांची जोडी याच साध्या साहित्यावर चालते. सेप्टर दोन मॅनात रिव्हर्सलची प्रत खेळवते आणि रिव्हर्सल लँडखेरीज सगळी कार्डे पुन्हा मोकळी करते. लँडखेरीज कार्डांतून तीन मॅना मिळत असेल, तर मॅना अमर्याद होतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कमांडरमधून मॅना क्रिप्ट, ज्वेल्ड लोटस आणि डॉकसाइड एक्स्टॉर्शनिस्ट या महागड्या कार्डांवर बंदी आली. तिन्ही कार्डे वेग विकत देणारी होती. त्यांवर पैसे लावणाऱ्यांना मोठा फटका बसला. ती मुळातच नसलेल्या डेकना मात्र समोरच्याचा वेग मंदावल्याचा लाभच झाला.

अनुभवातून बनलेली रीत

तीन दशकांतून कमी खर्चाच्या कॉम्बो डेकची बांधणी बरीचशी ठरून गेली आहे. आधी कॉमन आणि अनकॉमन कार्डांतून मुख्य मेळ शोधायचा. मग रंग एक किंवा फार तर दोन ठेवायचे, कारण प्रत्येक वाढीव रंगाबरोबर महागडे लँड येतात. कार्ड शोधून आणणारी रेअर कार्डे परवडत नसतील, तर एकच काम करणारी निरनिराळी कार्डे चार-चार प्रतींत घालायची. पेस्टरमाइट आणि डिसीव्हर एक्झार्क एकाच डेकमध्ये असत ते याच कारणाने. पॉन्डर आणि प्रीऑर्डेनसारखी एका मॅनाची कार्ड-निवड करणारी कॉमन कार्डे डेकची खात्री वाढवतात. दोन डावांमध्ये अदलाबदलीसाठी ठेवलेल्या १५ कार्डांच्या साइडबोर्डमध्ये कॉम्बो अडवणाऱ्या कार्डांवरचे उत्तर ठेवावे लागते, कारण स्वस्त डेककडे जिंकण्याचा दुसरा मार्ग क्वचितच असतो.

राहतो तो बंदीचा हिशोब. कॉम्बो डेकमध्ये बंदी बहुधा यंत्राच्या मुख्य कार्डावर येते, आणि पॉपरमध्ये ते कार्ड नाममात्र किमतीचे असल्याने नुकसान थोडे असते. मॅना वाढवून देणारी रिच्युअल कार्डे, कार्ड-निवडीची कार्डे आणि लँड हा डेकचा उरलेला भाग पुढच्या कॉम्बोत पुन्हा लागतो. म्हणून अनेक डेकना चालणाऱ्या भागांवर आधी खर्च करणे आणि एकाच डेकपुरत्या भागांवर शेवटी खर्च करणे, हा क्रम टिकून आहे. आजच्या पॉपरमध्ये बॅलस्ट्रेड स्पायने स्वतःचा सगळा डेक ग्रेव्हयार्डमध्ये ओतून ड्रेड रिटर्नने लॉटलेथ जायंट परत आणणारे डेक याच रीतीने बांधले जातात. चॅनल-फायरबॉलच्या काळात वेगासाठी ब्लॅक लोटस लागत असे. आता काही प्रकारांत तो वेग कॉमन कार्डांतूनच मिळतो, आणि त्याला आवर घालण्याचे काम बाजारभावाऐवजी बंदीच्या यादीकडे आले आहे.