पक्षी पाहायचे तर तिथी पाहा

मालवणला आलेला पर्यटक किल्ला पाहतो, तारकर्लीला स्कुबा करतो, देवबागच्या संगमावर फोटो काढतो आणि परततो. पक्ष्यांसाठी तलाव नाहीतर जंगल हवं, समुद्राकाठी काय दिसणार, हा समज पक्का असतो. म्हणून देवबाग आणि भोगवे यांच्यामधून समुद्राला मिळणाऱ्या कर्लीच्या खाडीकडे हिवाळ्यातही फार थोडे जण दुर्बीण लावतात.

खाडीचा चिखल म्हणजे पडीक जागा, हा त्याहून घातक समज. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या या चिखलात किडे, शिंपले, बारीक खेकडे खच्चून भरलेले असतात. आखूड चोचीचा चिखल्या भक्ष्य नजरेने हेरून पळत जाऊन टिपतो, तर बाकदार लांब चोचीचा कुरल तेच खोलवरून उपसतो. एकाच चिखलावर दोघांचंही पोट भरतं. या चिखलावर भराव पडला की त्यांचं जेवण कायमचं संपतं. काठच्या कांदळवनाची तोड आणि त्यावरचा भराव मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्येच रोखला आहे.

पक्षी फक्त पहाटे दिसतात, हेही खाडीवर लागू नाही. इथलं वेळापत्रक चंद्र ठरवतो. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणपट केलं की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीनची भरती, म्हणजे सकाळी नवाच्या सुमारास ओहोटी. पक्षी पाहायला उत्तम. अष्टमीला मात्र सहाला भरती. त्या दिवशी पहाटे उठून गेलेल्याला चिखल पाण्याखाली गेलेलाच दिसेल. खाडीत जितकं आत जावं तितका भरतीला उशीर होतो, एवढं लक्षात ठेवावं.

भरतीला चिखलावरच्या पक्ष्यांचे थवे कोरड्या वाळूवर विसावतात. तेव्हा त्यांच्यामागे धावून थवा उडवणं ही गंमत नाही. मार्च-एप्रिलमध्ये हजारो किलोमीटर उडण्यासाठी अंगात चरबी साठवणाऱ्या पाखरांची शक्ती त्यात वाया जाते.

होडीभोवती घिरट्या घालणारे कुरव इथलेच, असंही अनेकांना वाटतं. ते हिवाळी पाहुणे आहेत. तपकिरी डोक्याचा कुरव तिबेट आणि मध्य आशियातल्या उंचावरच्या सरोवरांकाठी वीण करतो. त्याच्यापुढे शेव-फरसाण फेकणं म्हणजे खारट, तळलेलं अन्न त्याच्या पोटात घालणं. समुद्रात त्याला मासे आहेत. हे प्रेम आवरायलाच हवं.

काठावर शेजारी उभे असलेले काळपट आणि पांढरे बगळे पुष्कळदा एकाच जातीचे असतात. समुद्रबगळा दोन्ही रंगांत आढळतो.

आणि मोठी मोटारबोट हवीच, असंही नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचतगटाच्या बायका 2017 पासून वल्ह्याच्या होडीतून कांदळवनाची सफर घडवतात. इंजिनाचा आवाज नसला की फांदीवरचा खंड्या लगेच उडून जात नाही. कांदळवनाच्या अरुंद फाट्यांत शिरायला मात्र पाणी लागतं, ओहोटीला होडी टेकते. तेव्हा चिखलावरचे पक्षी ओहोटीला पाहावेत, आणि पाच-सहा तासांनी पाणी चढलं की होडीत बसावं.