मोटारीची हमी आणि न झालेली दुरुस्ती

मोटार विकत घेताना ग्राहकाचे जे आदरातिथ्य होते, ते त्याच दाराने दुरुस्तीसाठी परत जाताना होत नाही, ही तक्रार आता सार्वत्रिक झाली आहे. पुढच्या दालनात पेढे आणि पुष्पगुच्छ. मागच्या वर्कशॉपमध्ये बाकावर बसून तासन्‌तास प्रतीक्षा. हा केवळ माणसांच्या स्वभावाचा प्रश्न नव्हे. त्याच्यामागे एक हिशेब आहे, आणि तो समजून घेतल्यावाचून हमीच्या मुदतीत बिघडलेल्या आणि दुरुस्त होऊनही न सुधारलेल्या गाडीचे काय करावे, हे नीट उमगत नाही.

हमी, म्हणजे आपण सर्रास म्हणतो ती वॉरंटी, देतो कारखानदार. ती पाळण्याचे काम मात्र करतो विक्रेता. हमीतील दुरुस्तीचे पैसे ग्राहकाने द्यावयाचे नसतात, याचा अर्थ ते कोणीच देत नाही असा नव्हे. विक्रेता सुटा भाग बदलतो, त्याचा दावा कारखानदाराकडे पाठवितो, काढलेला जुना भाग तपासणीसाठी राखून ठेवतो, आणि दावा मंजूर झाला म्हणजे त्याला भागाची किंमत व ठरीव दराने मजुरी मिळते. दावा नामंजूर झाला, तर भुर्दंड त्याच्या माथी. हा ठरीव दर बहुधा रोख गिऱ्हाइकाकडून मिळणाऱ्या मजुरीहून कमी असतो. आणि दोष शोधून काढण्यात मेकॅनिकचे जे दोन-चार तास जातात, त्यांचा मोबदला तर कित्येकदा पुरता मिळतच नाही. साहजिकच, एखादा नट आवळणे, गाडीच्या संगणकातील दोषाची नोंद पुसून टाकणे आणि गाडी धुऊन परत देणे, याकडे कल होतो. मी येथे कोणावर लबाडीचा आरोप करीत नाही. घाई करावी लागेल अशीच ही रचना आहे, एवढेच माझे म्हणणे.

अशा वेळी ग्राहक काय करतो? दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर त्याचा संयम सुटतो आणि तो म्हणतो, “मला गाडी बदलून द्या!” भावना समजण्यासारखी आहे, पण कायद्याच्या दृष्टीने हीच मागणी सर्वांत अवघड. गाडी बदलून मागणे म्हणजे तिच्यात मुळातला, कारखान्यातच राहून गेलेला आणि दुरुस्तीने न जाणारा दोष आहे असे म्हणणे. आणि तो सिद्ध करण्याचा भार मागणाऱ्यावर पडतो. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली अशाच एका प्रकरणात हमीपत्राची भाषा पाहून निर्णय दिला, की हमीत सदोष भाग दुरुस्त करण्याचे अथवा बदलून देण्याचे वचन असेल, तर त्या वचनातून अख्खी गाडी बदलून देण्याचे बंधन उत्पन्न होत नाही.

अमेरिकेत अशा जन्मतःच खोडकर निघालेल्या गाडीला ‘लिंबू’ म्हणतात. (आपण नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडतो, ते निराळ्या हेतूने!) तेथील कनेटिकट राज्याने १९८२ साली या लिंबांसाठी स्वतंत्र कायदा केला. एकाच दोषासाठी चार वेळा दुरुस्ती होऊनही तो राहिला, किंवा गाडी एकूण ३० दिवस वर्कशॉपमध्ये अडकून पडली, तर दुरुस्तीचे पुरेसे प्रयत्न झाले असे तो कायदा गृहीत धरतो, आणि मग गाडी बदलून देण्याचा वा पैसे परत करण्याचा प्रश्न उभा राहतो. आपल्याकडे असा ठरीव आकड्यांचा कायदा नाही.

परंतु आपल्याकडे दुसरी एक वाट आहे, आणि ती पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियमात, म्हणजे १९८६ च्या जुन्या आणि २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या नव्या अशा दोन्ही कायद्यांत, ‘वस्तूतील दोष’ आणि ‘सेवेतील त्रुटी’ अशा दोन वेगळ्या कल्पना आहेत. गाडी मुळात निर्दोष असेलही; पण ती दुरुस्तीसाठी घेतली, दुरुस्त झाली असे सांगून परत दिली, आणि प्रत्यक्षात ती झालेली नव्हती, तर ती सेवेतील त्रुटी होय. नव्या कायद्याच्या व्याख्येत निष्काळजीपणा तर येतोच, शिवाय ग्राहकापासून संबंधित माहिती जाणूनबुजून दडवून ठेवणे हेही येते. ही त्रुटी सिद्ध करण्यास इंजिन उघडून दाखवावे लागतेच असे नाही. एकच तक्रार चार वेळा नोंदली गेली आणि चारही वेळा ‘काम पूर्ण’ असा शेरा पडला, तर ते चार कागदच बोलू लागतात. मात्र ते बोलतील असे लिहिलेले असले पाहिजेत.

या कागदाला सर्वत्र जॉब कार्ड म्हणतात. गाडी ताब्यात घेताना समोरचा गृहस्थ संगणकावर जे भराभरा टिपतो आणि ज्यावर आपण न वाचता सही करतो, ते हे. त्यात त्याच्या सोयीचे शब्द पडतात: ‘जनरल चेकअप’, ‘आवाज तपासणे’. सरकारी नोकरीत माझी बरीच वर्षे फायलींच्या सहवासात गेली. त्या अनुभवावरून सांगतो, की अशा मोघम शब्दांतून पुढे कोणताही अर्थ काढता येतो, आणि तो काढणारा बहुधा आपण नसतो. दोष केव्हा दिसतो, किती वेगाला, इंजिन थंड असता की तापल्यावर, चढावर की सपाटीवर, किती किलोमीटरनंतर, हे आपल्या शब्दांत लिहून घ्यावे. पूर्वीच्या जॉब कार्डाचा क्रमांक देऊन ‘हीच तक्रार पुन्हा’ असे नमूद करावे. गाडी किती वाजता दिली, किती किलोमीटर झाले होते, कोणत्या दिवशी परत मिळाली, हे त्यावर असावे.

एका सहकाऱ्याचे उदाहरण देतो. त्यांनी नागपुरात गाडी घेतली आणि वर्षभरात त्यांची रायपूरला बदली झाली. गाडीतील कूलंट, म्हणजे इंजिन थंड राखणारे द्रव, हळूहळू कमी होत असे. रायपूरच्या अधिकृत वर्कशॉपने दोनदा ते वरून भरून दिले, नळीचा पट्टा आवळला, आणि जॉब कार्डावर नुसती ‘तपासणी’ लिहिली. तिसऱ्या वेळी त्यांच्या पत्नी गाडी घेऊन गेल्या. बाई शाळेत विज्ञान शिकवितात. त्यांनी टाकीवरील पातळीची रोज सकाळी, इंजिन थंड असताना, आठवडाभर नोंद ठेवली होती, आणि ‘सुमारे ५०० किलोमीटरमध्ये पातळी खालच्या खुणेच्याही खाली जाते, गळती कोठे आहे ते शोधावे’ असे वाक्य त्यांनी जॉब कार्डावर लिहवून घेतले. तरीही कूलंट भरूनच गाडी परत आली. पुढे महिन्याभरात महामार्गावर इंजिन तापले आणि हेड गॅस्केट गेले. आता वर्कशॉपचे म्हणणे असे पडले, की तापलेले इंजिन तसेच चालविल्यामुळे हे नुकसान झाले, हा चालकाचा निष्काळजीपणा आहे, सबब हमी लागू नाही. अंदाजपत्रकाचा आकडा त्या कुटुंबाने मुलीच्या महाविद्यालयीन प्रवेशासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेच्या जवळपास होता. त्या एका वाक्याची प्रत आणि आठवड्याच्या नोंदी जोडून त्यांनी कारखानदाराच्या विभागीय कार्यालयाला पत्र लिहिले. गळतीची लेखी सूचना आधीच मिळाली होती, हे नाकारण्यास जागाच उरली नाही. तीन आठवड्यांत काम हमीत झाले. आयोगापर्यंत जावे लागले नाही. पहिल्या दोन कागदांच्या बळावर मात्र हे घडले नसते, असे मला वाटते.

मधूनच दिसणारा आणि मधूनच नाहीसा होणारा दोष ही सर्वांत त्रासदायक जात. दुखणाऱ्या दाढेप्रमाणे तो नेमका वैद्याच्या दारात गप्प बसतो. त्यासाठी मोबाइलवर चित्रण करून ठेवावे, आणि मेकॅनिकला शेजारी बसवून गाडी फिरवून आणण्याचा आग्रह धरावा. आजच्या गाड्यांतील संगणक दोषाचा सांकेतिक क्रमांक साठवून ठेवतो, आणि पुष्कळदा तो दोष उद्‌भवला त्या क्षणीचा वेग व इंजिनाचे तापमानही. वर्कशॉपने ही नोंद पुसण्यापूर्वी तिची छापील प्रत मागावी. गाडी परत घेताना समाधानपत्रावर सही मागतात. दोष कायम असेल तर ‘तक्रार कायम, हक्क राखून गाडी स्वीकारली’ असे सहीच्या वर लिहावे. रागाच्या भरात गाडी महिनोन्‌महिने तेथेच टाकून देणे मला शहाणपणाचे वाटत नाही. ब्रेक किंवा स्टिअरिंगचा दोष असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा ती चालवू नये, आणि का चालवीत नाही हे त्याच दिवशी लेखी कळवावे.

हमीपत्रही एकदा सावकाश वाचावे. क्लचची तबकडी, ब्रेकचे पॅड, वायपरचे रबर असे झिजणारे भाग त्यातून बहुधा वगळलेले असतात. टायर आणि बॅटरी यांची हमी त्यांचे त्यांचे कारखानदार देतात. हमीत बदललेल्या भागाला सहसा मूळ हमीची उरलेली मुदतच मिळते. बाहेरून बसविलेले दिवे वा ध्वनियंत्रणा असेल, तर विद्युत-दोषाचे खापर प्रथम तिच्यावर फुटते.

तक्रार कोणाविरुद्ध करावी? गोव्यातील एका ग्राहकाला २०११ साली नव्या गाडीच्या नावाखाली २००९ ची, आधीच सुमारे ६०० किलोमीटर फिरलेली गाडी मिळाली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २०२१ साली न्यायालयाने कारखानदाराला जबाबदारीतून मुक्त केले. विक्रेता हा त्याचा नोकर वा मुखत्यार नसून स्वतंत्र व्यापारी होता, आणि त्याच्या कृत्याची माहिती कारखानदाराला होती हे सिद्ध झाले नव्हते. यावरून ग्राहकाने घ्यावयाचा बोध अगदी व्यावहारिक आहे: वर्कशॉपच्या व्यवस्थापकाला लिहिलेले पत्र त्याच दिवशी कारखानदारालाही पाठवावे. मग आम्हांला ठाऊकच नव्हते, असे त्याला म्हणता येत नाही.

पत्राने भागले नाही, तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि त्यानंतर जिल्हा आयोग. गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे करावयाची, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क मुळीच नाही. महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या आपल्या श्रोत्यांना उपयोगी अशी सोय २०१९ च्या कायद्याने केली आहे: तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो, तेथील आयोगाकडे तक्रार करता येते. पुण्यात घेतलेल्या गाडीसाठी बंगळूरहून पुण्याला खेपा घालण्याचे कारण राहिलेले नाही. स्वयंरोजगारासाठी चालविलेली टॅक्सीही या संरक्षणाखाली येते. विरुद्ध पक्षाने ३० दिवसांत, फार तर आणखी १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. ही मर्यादा ओलांडता येत नाही, असा घटनापीठाचा २०२० चा निर्णय आहे. तक्रारीचा निकाल ३ महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागल्यास ५ महिन्यांत लागावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात मात्र पुष्कळ अधिक काळ लागतो. कायद्यात तपासणीसाठी प्रयोगशाळेचा उल्लेख आहे. पण मोटार काही बाटलीत भरून पाठविण्याचा नमुना नव्हे, म्हणून अभियांत्रिकी महाविद्यालयातील एखाद्या प्राध्यापकाला तज्ज्ञ म्हणून नेमण्याची मागणी आपणच करावी.

मागणी कोणती करावी, तर पायरीपायरीने. प्रथम विनामूल्य आणि खरीखुरी दुरुस्ती, मग गाडी वर्कशॉपमध्ये राहिली तितके दिवस हमीची वाढ, त्या काळातील प्रवासाचा पावत्यांसह खर्च, मनस्तापाची भरपाई, आणि तज्ज्ञाने मूळचाच दोष सांगितला, तर गाडी बदलून द्यावी किंवा किंमत परत करावी. तक्रारीची मुदत, कारण घडल्यापासून २ वर्षे आहे. विक्रेत्याशी गोड शब्दांत पत्रव्यवहार चालू आहे, एवढ्याने ती वाढत नाही; म्हणून दुरुस्ती प्रथम फसली ती तारीख जॉब कार्डावरून काढून दिनदर्शिकेत टिपून ठेवावी.