कठोर ऋतूनंतरचे कळप

कोलकात्याच्या उत्तरेस, हुगळीच्या काठी बराकपूर येथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गव्हर्नर-जनरल वेलस्ली यांनी प्राणिसंग्रह उभारला. तेथे आणलेल्या पशुपक्ष्यांची वर्णने व चित्रे सिद्ध करण्यात आली. त्यांतून प्राण्याचे रूप कळले. त्याचे रानातील जीवन मात्र कळणे शक्य नव्हते. पिंजऱ्यात चारा मनुष्य पुरवितो. रानात तो ऋतूवर अवलंबून असतो, आणि ऋतू कधीकधी हात आखडता घेतो. अशा वेळी कळपाचे काय होते?

याचे उत्तर उत्तर अमेरिकेतील सुपीरियर सरोवरात असलेल्या आइल रॉयल बेटावर सापडते. तेथील मूस, म्हणजे मृगकुळातील सर्वांत थोर प्राणी, आणि त्यावर जगणारे लांडगे यांची पाहणी १९५८ पासून चालू आहे. १९९५ साली मूस सुमारे २,४०० होते. १९९७ साली अवघे ५०० उरले. मधला १९९६ चा हिवाळा अतिशय कडक होता. खोल बर्फातून चालण्यात जेवढी शक्ती खर्च होते, तेवढी वाळक्या डहाळ्यांतून परत मिळत नाही. प्राणी अंगावरच्या चरबीवर दिवस काढतो. त्यातच गोचिडींनी रक्त शोषले. अशा वेळी वासरे आणि वृद्ध जनावरे आधी पडतात, व उपाशी माद्यांची पुढील वीण दुबळी निपजते.

तथापि सारा दोष हिमाचा नव्हता. कळप फार वाढल्यामुळे चारा आधीच खुरटला होता. खाणारी तोंडे घटल्यावर चाऱ्यावरील भार हलका झाला आणि काही वर्षांत मूस पुन्हा हजारावर गेले.

आपल्याकडे बर्फाची जागा ग्रीष्म घेतो. मंडला व बालाघाट जिल्ह्यांतील कान्हाच्या रानात बाराशिंगा जवळजवळ केवळ गवतावर जगतो. त्याचे पाडसही उंच गवतातच दडते. शिकार, वणवे आणि चराई यांमुळे तो १९७० साली ६६ वर आला. येथे संख्या घटूनही कुरण आपोआप सावरले नाही. गवत जाळण्यास आळा घातला गेला, कुंपणाआड काही बाराशिंगे राखले गेले, गावे हलवून कुरणे मोकळी झाली; तेव्हा कळप पुन्हा वाढला. गाव सोडणाऱ्यांनी त्याचे मोल दिले, हेही विसरता येत नाही.

ऋतू मनुष्याच्या स्वाधीन नाही. परंतु कठीण ऋतू येण्यापूर्वी कुरण कोणत्या स्थितीत आहे, हे पाहणे त्याच्या हाती आहे. कळपाचे सावरणे बव्हंशी त्यावरच ठरते.