पाक चॉयला गड्डा धरत नाही

दसरा उलटला की यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबात परसातले वाफे पुन्हा उकरले जातात. मेथी, पालक, मुळा, सांबार हे दरवर्षीचं ठरलेलं. एखाद्या घरी मात्र यंदा पाक चॉयची पुडीही येते; बहुधा नागपूर-पुण्याकडे शिकायला असलेल्या लेकराच्या हौसेनं. बी मोहरीएवढंच, रंगही तसाच. पुडीवरच्या चित्रात जाड पांढरे देठ आणि वर गडद हिरवी, गुळगुळीत पानं. सोबत लावणीची माहिती असते ती चार ओळींची, म्हणून उरलेली जो तो आपल्या मनानं भरून घेतो.

सगळ्यात महागात पडतो तो गड्ड्याचा गैरसमज. हा चिनी कोबी आहे, तेव्हा आज ना उद्या गड्डा भरेल, या आशेवर लोक अडीच-तीन महिने थांबतात. तोवर मधून दांडा वर येतो, त्याला पिवळी फुलं लागतात आणि ‘बी बोगस निघालं’ असा निकाल देऊन मंडळी मोकळी होतात. बियाचा यात काही दोष नसतो. गड्डा धरतो तो नापा नावाचा चिनी कोबी. पाक चॉय त्याचा भाऊ असला तरी त्याची पानं शेवटपर्यंत मोकळीच राहतात. शास्त्रीय हिशेबानं हे दोघे, सलगम आणि पिवळी सरसों एकाच जातीचे, ब्रासिका रापा. आपला नेहमीचा पत्ताकोबी वेगळ्या जातीचा. म्हणजे हे झाड कोबीच्या नव्हे, मोहरी-मुळ्याच्या चालीनं वाढवायचं. पेरल्यापासून महिन्याभरात बाहेरची पानं खुडता येतात, ४५ ते ५० दिवसांत अख्खं झाड काढणीला येतं. जमिनीपासून दोन बोटं ठेवून कापलं, तर बुडख्याला पुन्हा कोवळी पानं फुटतात.

‘थंड मुलखातली भाजी, आपल्या उन्हात कुठली टिकायला?’ हे अर्धं खरं आहे. मे महिन्यात जिथं पारा ४२ च्या पुढं जातो, तिथं पाक चॉय लावणं हा बियाचा नासच. पण डिसेंबर-जानेवारीत इथं दिवसा तीसच्या आत आणि रात्री १२ ते १५ अंश असं हवामान असतं. पाक चॉयला आणखी काय हवं? शिवाय या भाजीला दिवसाची लांबीही कळते. दिवस मोठा होऊ लागला आणि ऊन तापलं की ती पानं सोडून फुलांच्या मागे लागते. कळंबच्या अक्षांशावर डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवस अकरा तासांच्या आतबाहेर असतो, जूनमधला सव्वातेरा तासांच्या पुढं जातो. म्हणजे आपला हिवाळा पानांसाठी अगदी नेमका. गडबड होते ती इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून. इंग्लंड-अमेरिकेतला माळी सांगतो, मार्चमध्ये पेरा. त्याच्याकडे तेव्हा बर्फ वितळत असतो आणि आपल्याकडे होळीच्या गोवऱ्या जमा झालेल्या असतात. इथं पहिली पेर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात करावी आणि दर बारा-पंधरा दिवसांनी चिमूटभर बी टाकत डिसेंबर अखेरीला थांबावं. संक्रांतीनंतर पेरलेलं बहुतेक फुलावरच जातं. तसं झालं तरी फेकायचं कारण नाही. कळीचा कोवळा दांडा गोडसर लागतो. चीनमध्ये तर खास दांड्यांसाठी वेगळे वाण लावतात.

रोपं तयार करून मग लावायची, हा नियम टोमॅटो-वांग्याचा. पाक चॉयची मुळं दुखावली की झाड रुसतं आणि लवकर फुलतं. त्यापेक्षा सरळ वाफ्यात, सेंटिमीटरभर खोल पेरावं, आठवड्यात उगवलं की विरळणी करावी आणि दोन झाडांत वीतभर अंतर ठेवावं. उपटलेली रोपटी वरणात टाकावीत.

आता मातीचं. आपली काळी माती कसदार, तिच्यात काहीही येतं, असा आपल्याला भारी अभिमान. कपाशीला ती मानवते, कारण कपाशीचं सोटमूळ खोल जातं. पाक चॉयची मुळं वरच्या वीतभर मातीत पसरतात. तिथं पाणी साचलं तर ती कुजतात आणि माती उलली तर तुटतात. म्हणून वीतभर उंचीचा गादीवाफा, भरपूर कुजलेलं शेणखत आणि वरून सोयाबीनच्या कुटाराचं आच्छादन. कुटार या दिवसांत गावात फुकटात मिळतं आणि ओल धरून ठेवायला त्यासारखं दुसरं काही नाही. मूठभर रेती मिसळून चिकण माती भुसभुशीत होत नाही, तो त्रास घेऊ नका. बागकामाच्या परदेशी पुस्तकात ‘कोबीवर्गाला चुना द्या’ असं हमखास असतं. तो सल्ला आम्लधर्मी मातीसाठी आहे. तिथं मुळांना गाठी आणणारा रोग बळावतो. आपल्या मातीत चुनखडीचे खडे आधीच सापडतात. त्यात आणखी चुना घातला तर लोह मिळेनासं होतं, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

आणि आता जरा सविस्तर बोलायची गोष्ट. ‘बाहेरची भाजी, तिला आपली कीड लागत नाही’ असं खुशाल सांगितलं जातं. मोहरीची जी कीड तीच हिची. रोप दोन पानांवर असतानाच काळे, चकाकणारे, टुणकन उडणारे भुंगेरे पानांची चाळण करतात. मग काळपट अळी येते; तिला हात लावला की ती वेटोळं करून खाली पडते. ढगाळ हवा आली की पानांच्या मागे मावा. हे दिसलं की घरात कपाशीसाठी आणून ठेवलेली अर्धी बाटली आठवते, ‘थोडंसंच मारतो’ म्हणून. याच जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली, कित्येक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती फवारणी उघड्या वावरात होती. इथं तर पान थेट ताटात जायचं आहे आणि तेही आठ दिवसांत. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाला तर भाजीपाल्यावर २००५ पासूनच बंदी आहे.

त्यापेक्षा पेरलं त्याच दिवशी वाफ्यावर बारीक जाळी टाका, निम्मा प्रश्न तिथंच मिटतो. अळ्या सकाळी हातानं वेचा. माव्यावर पाण्याचा जोरदार फवारा, नाहीतर निंबोळी अर्क: पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, फडक्यानं गाळायच्या, थोडा साबणचुरा घालायचा आणि संध्याकाळी फवारायचं. तरी दोन-चार छिद्रं राहतील. राहू द्या.

‘ही नूडल्सशिवाय कशात घालणार?’ मुगाच्या डाळीत घाला, बेसन पेरून झुणका करा. देठ आधी फोडणीत, पानं उतरवताना. पालकातलं कॅल्शियम ऑक्झलेटमुळं फारसं अंगी लागत नाही. पाक चॉयमध्ये ऑक्झलेट अगदी कमी आहे. शंभर ग्रॅम पाल्यात शंभरेक मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि त्यातलं बरंचसं शरीर घेतं.

‘थायरॉइड असेल तर हातही लावू नका’ या धास्तीमागे एक खरी घटना आहे. अमेरिकेतल्या एका ८८ वर्षांच्या बाई कित्येक महिने रोज किलो-दीड किलो कच्चा पाक चॉय खात होत्या. त्यांची थायरॉइड ग्रंथी पार मंदावली आणि प्रकरण बेशुद्धीपर्यंत गेलं. २०१० साली डॉक्टरांनी ते वैद्यकीय नियतकालिकात छापलं. शिजवल्यावर त्यातला तो त्रासदायक गुण बराच ओसरतो आणि घरच्या वाफ्यातून रोज दीड किलो निघतही नाही. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असलेल्यांनी मात्र ताटातला हिरवा पाला एकदम वाढवू नये. यातलं के जीवनसत्त्व त्या औषधाच्या उलट काम करतं.