‘आम्ही मजेत’ म्हणजे नेमकं काय?

घरी केलेला शेवटचा कॉल आठवून बघा. ‘जेवलात का?’ ‘हो.’ ‘बीपीची गोळी घेतली?’ ‘घेतली.’ ‘बाकी काय?’ ‘बाकी काही नाही, आम्ही मजेत. तू तब्येत सांभाळ.’ मग आई फोन बाबांकडे देते, बाबा ‘पैसे आहेत ना?’ विचारतात आणि फोन परत आईकडे. संपला कॉल. तुम्ही पुण्यात असा, बेंगळुरूत असा किंवा थेट टोरांटोत, आपल्यातल्या बहुतेकांचं घरचं बोलणं याच चालीवर जातं. आणि त्यातल्या ‘आम्ही मजेत’वर आपण पटकन विश्वास ठेवतो, कारण तो ठेवणं सोयीचं असतं.

रिकामं घर नवं नाही

जयवंत दळवींचं ‘संध्याछाया’ हे नाटक सत्तरच्या दशकात रंगमंचावर आलं. मुलगा अमेरिकेत आणि इथे वाट बघणारे म्हातारे आई-वडील, ही त्यातली गोष्ट. तेव्हा असं घर गल्लीत एखादं असायचं. आज सांगली, लातूर, रत्नागिरी, डोंबिवली, कुठेही जा. टू-बीएचकेत दोघंच राहतात आणि एका खोलीच्या भिंतीवर अजून कुणाचं तरी बारावीचं टाइमटेबल चिकटवलेलं असतं.

याला ‘एम्प्टी नेस्ट’ म्हणतात, हे तुम्ही वाचलं असेल. पण तो काही आजार नाही. मुलं बाहेर पडली की काही दिवस घर खायला उठतं, दोनच माणसांचा स्वयंपाक नकोसा वाटतो. मग बरेच आई-बाबा सावरतात. कुणी भजनी मंडळात जातं, कुणी गाडी काढून कोकण फिरून येतं. काहीजण तर म्हणतात, ‘आता कुठे आम्ही जगायला लागलो!’ त्यामुळे ‘आपण घर सोडलं म्हणून हे झालं’ असा अपराधी भाव घेऊन बसू नका.

डिप्रेशन ही वेगळी गोष्ट आहे. उदासी दोन आठवड्यांहून जास्त, दिवसातला बराच वेळ टिकते. आवडीच्या गोष्टी नकोशा होतात आणि रोजची कामंही जड जातात. मुलं दूर जाणं हे त्यातलं एखादं कारण असू शकतं, एकमेव नाही. आईचा मेनोपॉज, बाबांची रिटायरमेंट, डायबेटिस, गुडघे, कमी ऐकू येणं, जोडीदार किंवा मित्र गमावणं, हे सगळं साधारण याच वयात, एकामागोमाग येतं.

आकडा काय सांगतो?

केंद्र सरकारच्या ‘लासी’ या सर्वेक्षणात २०१७-१८मध्ये देशभरातल्या ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून जास्त लोकांची पाहणी झाली. त्यात साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांमध्ये तीव्र नैराश्याची लक्षणं दिसली. म्हणजे साधारण बारातल्या एकाला. पण ‘मला डॉक्टरांनी नैराश्याचं निदान सांगितलंय’ असं म्हणणारे फक्त ०.८ टक्के होते. या दोन आकड्यांत दहापटीचा फरक आहे. त्या फरकातली बरीचशी माणसं आपल्याला फोनवर ‘आम्ही मजेत’ सांगत असणार.

दुखतं मन, तक्रार पोटाची

माझ्या एका मैत्रिणीचे बाबा शाळेतून मुख्याध्यापक म्हणून रिटायर झाले. ती पुण्यात, भाऊ हैदराबादला. (हे तिच्या परवानगीने लिहितेय.) बाबांना ॲसिडिटी सुरू झाली. पहाटे तीनला जाग यायची, जेवण कमी झालं. सोनोग्राफी झाली, एंडोस्कोपी झाली, सगळं नॉर्मल. शेवटी जुन्या फॅमिली डॉक्टरांनी विचारलं, ‘सर, सकाळी उठावंसं वाटतं का?’ आणि सर रडायला लागले. इतकी वर्षं घरात कुणी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

असं बऱ्याचदा होतं. वाढत्या वयातलं नैराश्य ‘मला उदास वाटतं’ असं सांगत येत नाही. ते अंगदुखी, थकवा, अपचन, चिडचिड, विसरभोळेपणा अशा वेशात येतं. आपणही ‘वयच झालं आता’ म्हणून ते मान्य करून टाकतो. पण नैराश्य हा म्हातारपणाचा नियम नाही. आणि याची उलट बाजूही आहे. थायरॉइड, बी-१२ची कमतरता, काही औषधांचे परिणाम यांमुळेही अशीच लक्षणं दिसतात. म्हणून आधी डॉक्टरांकडे जायचं, इंटरनेटवर निदान करायचं नाही.

फोनवर काय विचाराल?

‘तुला डिप्रेशन आलंय का?’ असं विचारलंत तर ‘मला काय वेड लागलंय?’ हे उत्तर नक्की. प्राथमिक तपासणीसाठी डॉक्टर दोन साधे प्रश्न वापरतात, ते आपल्या घरच्या भाषेत विचारता येतात. ‘गेल्या पंधरा दिवसांत कशातच मन लागत नाही, असं झालं का?’ आणि ‘उदास, निराश वाटतं का?’ सोबत झोप आणि भूक विचारा. ‘झोप लागते ना?’ असं नाही, तर ‘पहाटे किती वाजता जाग येते?’ असं.

अजून एक. दोघांशी वेगवेगळं बोला. फोन स्पीकरवर असला की एकजण दोघांच्या वतीने उत्तर देतो. जे पटकन फोन दुसऱ्याकडे देतात, त्यांना वेगळा कॉल करा.

‘आता काय राहिलंय आमचं’, ‘देवाने लवकर न्यावं’, ‘तुम्हाला ओझं नको’ ही वाक्यं वारंवार यायला लागली, तर हसण्यावारी नेऊ नका. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ, शांतपणे विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर त्यांना एकटं ठेवू नका. शेजारी, नातेवाईक, जो जवळ असेल त्याला लगेच घरी पाठवा. गोळ्यांचा साठा, शेतातली औषधं हाताशी राहणार नाहीत हे बघायला सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

त्यांचं काम काढून घेऊ नका

आपण प्रेमाने काय करतो? लाइट बिल ॲपवरून भरतो, तिकिटं काढतो, किराणा ऑनलाइन पाठवतो. ‘तुम्ही राहू द्या हो बाबा, मी करतो.’ हळूहळू त्यांच्याकडे करण्यासारखं काहीच उरत नाही. आयुष्यभर ज्यांच्यावाचून घराचं पान हललं नाही, त्यांना आपण फक्त ‘काळजी घेण्याची वस्तू’ करून टाकतो. माणसाला काळजी हवी असते, पण आपली कुणाला तरी गरज आहे हेही हवं असतं.

म्हणून त्यांच्याकडे काहीतरी मागा. भाड्याचा करार सही करण्याआधी बाबांना वाचायला पाठवा. आमटी करताना आईला व्हिडिओ कॉल लावा. यूपीआय तुम्ही वापरू नका, त्यांना शिकवा. आसपास ज्येष्ठ नागरिक संघ आहे का बघा, महाराष्ट्रात अशा संघांचा ‘फेस्कॉम’ हा महासंघ आहे. हास्यक्लबची चळवळ तर १९९५मध्ये मुंबईतच सुरू झाली.

मात्र हे सगळं उपचाराला पर्याय नाही. ज्याला नैराश्य आहे, त्याला ‘जरा बाहेर पड, बरं वाटेल’ म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला ‘चाल, बरं वाटेल’ म्हणण्यासारखं. मैत्रिणीच्या बाबांना औषधं आणि समुपदेशन दोन्ही लागलं. औषधाचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, तोवर ती मनाने बंद करायची नाहीत. आता ते शेजारच्या दोन मुलांना गणित शिकवतात. तिने फोन केला की कधीकधी म्हणतात, ‘नंतर कर गं, मुलं आलीयेत.’ याचा तिला कोण आनंद!

पुढच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा मोबाइलमधून डोकं वर काढून घर बघा. पेपरच्या घड्या न मोडताच रद्दीत जातायत का? कुंड्या सुकल्यात का? गोळ्यांच्या स्ट्रिप्स तशाच पडल्यात का? पेटीवर धूळ बसलीय का? आणि सुट्टीतली एक सकाळ फॅमिली डॉक्टरांसाठी राखून ठेवा. जाताना चालू औषधांची यादी घ्या आणि तुम्ही स्वतः सोबत जा.

हे नंबर सेव्ह करा

टेलिमानस, १४४१६ : मानसिक आरोग्यासाठी केंद्र सरकारची हेल्पलाइन. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आई-बाबांबद्दल विचारायला तुम्हीही फोन करू शकता.

एल्डरलाइन, १४५६७ : ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन. सकाळी ८ ते रात्री ८.